जुनी पोर्शे घेताना : जाहिरातीतलं साल आणि गाडीचं साल

सेकंडहँड स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक लिहिलेलं असतं ते साल, आणि सगळ्यात जास्त तपासून घ्यावं लागतं तेही सालच. ‘२०१५ मॉडेल’ म्हणजे २०१५ साली कारखान्यातून निघालेली, २०१५ साली पासिंग झालेली, की कंपनीच्या हिशेबाने २०१५ च्या मॉडेल इयरची? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या हॅचबॅकच्या सौद्यात या फरकाने थोडेफार पैसे इकडचे तिकडे होतात. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत एका सालाच्या फरकाने आतलं इंजिनच वेगळं निघू शकतं.

माझं वाळूज एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं छोटं युनिट आहे. आमच्याकडे ड्रॉइंग आलं की खालच्या कोपऱ्यातला रिव्हिजनचा रकाना आधी बघायचा, हे नव्याने लागलेल्या पोरालाही पहिल्याच दिवशी सांगतात. पार्ट नंबर तोच असतो, पार्ट दिसायलाही तसाच असतो, पण ‘रेव्ह बी’ला कुठेतरी एक रेडियस वाढवलेला असतो, कारण ‘रेव्ह ए’चा पार्ट बाहेर जाऊन तुटलेला असतो. गाडीच्या मॉडेल इयरकडे मी असंच बघतो. कोणत्या साली काय बदललं आणि ते बदलायची वेळ का आली, एवढं कळलं की निम्मी निवड तिथेच होते.

गाड्यांची हौस आमच्या शहराला नवी नाही. २०१० साली, शहर औरंगाबाद होतं तेव्हा, इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. ६५ कोटींचा तो सौदा देशभर गाजला. पण सेदान घेणं वेगळं आणि दोन सीटांची, जमिनीला टेकलेली गाडी मराठवाड्यात ठेवणं वेगळं. मे महिन्यात ४२-४३ अंशांचं ऊन, वर्षातले आठ महिने धूळ, गावागावाला कसल्याही मापाचे स्पीडब्रेकर, आणि बिघाड झालाच तर गाडी फ्लॅटबेडवर चढवून मुंबईला न्यायची. घरी विषय काढला तेव्हा बायकोने एवढंच सांगितलं, “अहो, घ्यायची तर घ्या, पण वैजापूरच्या पुढे समृद्धीवर बंद पडणारी नको.” माझीही अट तीच होती. बजेट म्हणाल तर आमच्याकडे लोक वरच्या मॉडेलची फॉर्च्युनर ज्या पैशांत घेतात, त्याच्या आसपासचं.

सुरुवात ऑडी टीटीपासून केली. स्कोडा आणि ऑडी दोन्ही फोक्सवॅगन ग्रुपच्या. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना असल्यामुळे त्या ग्रुपच्या इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री आमच्याकडे बरेच आहेत. चिकलठाण्याचा आमचा नेहमीचा मिस्त्री पहिल्याच वाक्यात म्हणाला, “सर, टीटी घेयाची तर पंधराच्या पुढची घ्या. त्याच्या आधीची लई ऑइल खाती.” नंतर वाचून काढलं तेव्हा त्याचा शब्द न् शब्द बरोबर निघाला. आधीच्या पिढीच्या दोन लिटर टीटीत २०१० च्या फेसलिफ्टपर्यंत, म्हणजे त्याच पिढीची सुधारित आवृत्ती येईपर्यंत, बेल्टवालं इंजिन होतं. त्यात हाय प्रेशर फ्युएल पंप कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालतो आणि दोघांच्या मध्ये बाटलीच्या झाकणाएवढा कॅम फॉलोअर असतो. तो झिजून आरपार गेला की पंपही जातो आणि कॅमही जातो. फेसलिफ्टला २११ पीएसचं (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) चेनवालं इंजिन आलं, त्याची दुखणी दोन. पिस्टनच्या ऑइल रिंगा बारीक आणि ऑइल परत सोडणारी भोकं लहान, म्हणून ऑइल जळतं. शिवाय चेन टेन्शनर सुरुवातीच्या नमुन्याचा, तो सुटला की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. आपल्याकडे २०१५ ला नवी टीटी आली, तिच्या इंजिनात या दोन्ही गोष्टी सुधारल्या होत्या. म्हणजे टीटीपुरतं उत्तर सोपं होतं. पण इंजिन पुढे आणि बांधणी हॅचबॅकच्या प्लॅटफॉर्मची. एवढे पैसे एकदाच घालायचे तर मला मधल्या इंजिनाची, म्हणजे सीट आणि मागची चाकं यांच्या मध्ये इंजिन असलेली गाडी हवी होती.

बीएमडब्ल्यूची झेड-फोरही बघितली, २००९ ते २०१६ वाली, घडीच्या पत्र्याच्या टपाची. तिचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन ओढायला जबरदस्त, पण त्याच्या फ्युएल पंपाचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेत त्या इंजिनाच्या २००७ ते २०१० च्या गाड्या कंपनीने पंपासाठी परत बोलावल्या होत्या. त्यात इलेक्ट्रिक वॉटर पंप, इंजेक्टर आणि हायड्रॉलिकवर उघडणारा टप. आमच्या धुळीत तो टप किती वर्षं नीट बसेल, या विचारानेच मी तो नाद सोडला. फोर्ड मस्टँगचं उलट होतं. ती भारतात अधिकृत आली २०१६ च्या जुलैत, पाच लिटरचं व्ही-एट, आपल्या पेट्रोलला मानवेल असं ४०१ पीएसवर आणलेलं. अमेरिकेत २०१८ पासून तिला नवं इंजिन आणि दहा गिअरचा बॉक्स आला, पण आपल्याकडच्या गाड्या आधीच्या, सहा गिअरच्या. त्यामुळे साल निवडायचा प्रश्न जवळपास उरतच नाही आणि इंजिनही दणकट आहे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन गुंडाळायची घोषणा केली, तरी केवळ त्यासाठी मी मस्टँग सोडली नसती. ती मोठी आहे, रुंद आहे, लांबच्या सरळ प्रवासाची आहे. मला म्हैसमाळच्या घाटात वळणारी गाडी हवी होती.

शेवटी येऊन थांबलो पोर्शे केमनपाशी. बॉक्स्टर ही पोर्शेची उघड्या टपाची दोन सीटांची गाडी, केमन म्हणजे तीच बंद टपाची. इंजिन पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या पुढे. साल बघून घ्यायची गाडी कोणती असेल तर ही.

पहिली केमन २००५ ला आली, तिला ९८७ म्हणतात. २००८ पर्यंत तिच्यात जे इंजिन होतं त्याच्या आत एक इंटरमीडिएट शाफ्ट आहे. क्रँककडून (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याकडून) फिरणं घेऊन तो कॅमच्या चेनना देतो. त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे आणि ते बेअरिंग इंजिनच्या ऑइलमध्येच राहतं. वर्षं गेली, सील कडक झालं, की गरम ऑइल आत शिरतं आणि मूळचं ग्रीस धुऊन काढतं. पुढे बेअरिंगला ना पुरेसं ग्रीस ना पुरतं ताजं ऑइल. बॉलला खड्डे पडतात, बारीक कीस इंजिनभर फिरतो आणि एक दिवस शाफ्ट हलला की चेनचं टायमिंग सुटून सगळं इंजिन जातं. बेअरिंगच्या रेस, म्हणजे बॉल ज्यांत फिरतात त्या कड्या, आमच्या मशीनवर रोज फिरतात, म्हणून हे वाचताना मला तो पार्ट डोळ्यांसमोर दिसत होता. सगळ्यात वाईट काळ त्याच्या आधीच्या बॉक्स्टर आणि पोर्शेच्याच ९११ या गाडीचा. अमेरिकेत ग्राहकांनी केलेल्या सामूहिक दाव्याची तडजोड झाली, ती २००१ ते २००५ च्या दरम्यान बनलेल्या गाड्यांपुरती होती. २००६ पासून कंपनीने बेअरिंग मोठं केलं आणि त्रास खूप कमी झाला. पण ते इतकं मोठं आहे की इंजिनचं केसिंग दुभंगल्याशिवाय बाहेरच निघत नाही. आधीचं छोटं बेअरिंग क्लच उतरवून निदान बदलता तरी येतं.

त्याच इंजिनाचं दुसरं दुखणं बोअर स्कोअरिंग. सिलिंडरची भिंत सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमची, पिस्टनवर लोखंडाचा पातळ थर. तो थर सुटायला लागला की भिंतीवर उभे ओरखडे येतात, इंजिन टकटक करायला लागतं आणि एका बाजूचा सायलेन्सरचा पाइप जास्त काळा होतो. ३.४ लिटरच्या केमन एसमध्ये हे जास्त दिसतं. एक २००७ ची केमन एस मोह पडावा इतक्या कमी किमतीत मिळत होती. बघायलासुद्धा गेलो नाही.

२००९ चं मॉडेल इयर ही खरी सीमारेषा. पोर्शेने त्या साली नवीन इंजिन आणलं आणि इंटरमीडिएट शाफ्टच काढून टाकला. बेअरिंग सुधारत बसण्यापेक्षा बेअरिंगची गरजच संपवली. कारखान्यात काम केलेल्या माणसाला याचं मोल कळेल. ब्लॉकही बंद डेकचा, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या कडा चहूबाजूंनी बांधलेला, जास्त ताठ केला. त्याच साली सात गिअरचा पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक बॉक्स आला. म्हणून २००९ नंतरची ९८७ ही चांगलीच गाडी आहे, विशेषतः २.९ लिटरची साधी केमन. तिला डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणं) नाही, पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातं, त्यामुळे तिथे कार्बन धरत नाही. अशी एखादी नीट सांभाळलेली पुढे आली असती तर मी ती आनंदाने घेतली असती. आपल्या बाजारात त्या फार थोड्या आहेत.

त्यानंतरची ९८१. बॉक्स्टर २०१२ ला आणि केमन तिच्या पाठोपाठ, २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसला दाखवली. इंजिन तेच सुधारलेल्या घराण्यातलं, टर्बो नसलेलं, आडव्या सहा सिलिंडरचं. साध्या केमनला २.७ लिटर आणि २७५ पीएस, एसला ३.४ लिटर आणि ३२५ पीएस. २०१६ ला ७१८ आली आणि साध्या व एस मॉडेलची सहा सिलिंडर जाऊन चार सिलिंडरचा टर्बो आला. ७१८ जास्त वेगवान आहे, वादच नाही. पण उन्हाळ्यात टर्बोची उष्णता, चढी किंमत आणि तो आवाज. सहा सिलिंडरचं इंजिन सात हजार आरपीएमला जसं गातं ते एकदा ऐकलं की चारवर मन बसत नाही.

मग ९८१ मधलं कोणतं साल? नव्या मॉडेलच्या पहिल्या लॉटपासून लांब राहावं, हा आमच्या धंद्यातला नियम मी इथेही लावला. २०१४ च्या सुरुवातीला पोर्शेच्याच नव्या ९११ जीटीथ्रीत कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सुटून दोन गाड्यांना आग लागली होती आणि कंपनीने त्या मॉडेल इयरच्या सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली होती. अनुभव, मशीन, माणसं सगळं असूनही पहिल्या वर्षात असं होतं. केमनच्या बाबतीत एक गोष्ट मात्र बाजूने होती. बहुतेक सगळे पार्ट तिच्या आधी बॉक्स्टरमध्ये वापरून झालेले, त्यामुळे केमनचं पहिलं वर्ष कोवळं म्हणता येत नाही. पीडीकेलाही तोवर पाच वर्षं झाली होती. तरीही माझा शोध मी २०१४ आणि २०१५ च्या मॉडेल इयरवर ठेवला, आणि २०१६ ची शेवटची एखादी मिळाली तर उत्तमच, असं धरलं.

आता मॉडेल इयर ओळखायचं कसं. गाडीच्या पुढच्या काचेखाली एक पट्टी असते, तिच्यावर सतरा अक्षरांचा चेसिस नंबर असतो. पोर्शेच्या नंबरात डावीकडून दहावं अक्षर मॉडेल इयरचं. २०१० ला ए, मग बी, सी असं करत २०१३ ला डी, २०१४ ला ई, २०१५ ला एफ, २०१६ ला जी. त्याच्या पुढचं, अकरावं अक्षर कारखान्याचं. एस म्हणजे श्टुटगार्ट, के म्हणजे ओस्नाब्रुक, आणि जुन्या बॉक्स्टर-केमनवर यू दिसला तर ती फिनलंडमध्ये बनलेली. मॉडेल इयर कॅलेंडरबरोबर चालत नाही, ते युरोपातल्या उन्हाळ्यात बदलतं. म्हणजे सप्टेंबर २०१३ ला बनलेली गाडी २०१४ च्या मॉडेल इयरची असते. आपल्या आरसीवर मात्र उत्पादनाचा महिना-साल आणि नोंदणीची तारीख एवढंच असतं, दहावं अक्षर काय सांगतं ते कुणी लिहीत नाही.

हैदराबादला एक पांढरी केमन बघितली. लातूर-नांदेडकडच्या लोकांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळचं, त्यामुळे तिथला डीलर आमच्या एका व्याह्यांच्या ओळखीतला निघाला. मीटरवर १८ हजार किलोमीटर, रंग चकाचक. पोर्शेच्या इंजिनचा कॉम्प्युटर इंजिन एकूण किती तास चाललं तेही साठवून ठेवतो. टेस्टर लावून ते काढलं तर १,१०० तासांच्या वर. १८ हजाराला १,१०० ने भागा, ताशी १६ किलोमीटर येतात. एवढी कमी सरासरी दोनच गोष्टी सांगते. एक तर गाडी आयुष्यभर एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभी राहून तापली, नाही तर मीटर मागे नेलंय. दोन्हीपैकी कोणतीही मला नको होती. शिवाय परराज्यातली गाडी म्हणजे फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्राचा कर पुन्हा, आणि इम्पोर्टेड गाडीला तो वीस टक्क्यांच्या दराने. गाडी जुनी म्हणून तो कमी होतो, तरी आकडा दुखतोच. पुदुचेरी पासिंगच्या स्वस्त गाड्या दिसतात त्यामागेही हेच कराचं गणित असतं, म्हणून त्या मी आधीच बाजूला काढल्या होत्या. मुंबईच्या गाड्यांना समुद्राची हवा लागते. तिथल्या एका केमनचे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघितले, तर एका पट्ट्याच्या मुळाशी मातीची वाळलेली रेघ होती, म्हणजे गाडीत कधीतरी पुराचं पाणी शिरलेलं. मालकाला काही न विचारता निघालो.

पुण्याला जी गाडी मिळाली तिची जाहिरात ‘२०१५ मॉडेल’ अशीच होती. राखाडी रंगाची साधी २.७, पीडीके. काचेखालच्या पट्टीवर बोट ठेवून अक्षरं मोजली. दहावं ई, अकरावं के. आरसीवर उत्पादन २०१३ च्या अखेरीचं आणि पासिंग २०१५ च्या सुरुवातीचं. एका गाडीला तीन सालं. बनल्यापासून पासिंग होईपर्यंत ती वर्षाहून जास्त काळ कुठेतरी यार्डात उभी होती. मला मशीन म्हणून हवी होती तीच रिव्हिजन ही होती, तेव्हा नाराज व्हायचं कारण नव्हतं. भाव मात्र २०१५ चा लावलेला. डीलरला सरळ सांगितलं, “भाऊ, इन्शुरन्सवाला उत्पादनाचं साल धरतो, उद्या मी विकायला काढली तर घेणाराही तेच धरेल. तुम्ही तेरा सालाच्या हिशेबाने बोला.” त्याने थोडा वेळ घेतला, पण शेवटी त्याच सालावर आला.

सौदा पक्का करण्याआधी गाडी एका लिफ्टवाल्या गॅरेजला नेली. ९८१ ला ऑइलची डिपस्टिक नसते, लेव्हल स्क्रीनवरच दिसते, तेव्हा ऑइल बघायचं तर ते काढूनच बघावं लागतं. मालकाची परवानगी घेऊन, पैसे माझे, ऑइल बदललं आणि जुन्या फिल्टरचा कागद ब्लेडने कापून फरशीवर पसरला. घड्या एकेक करून उलगडल्या. काळ्या ऑइलात बॅटरीच्या उजेडात चमकणारं काही दिसतंय का ते बघायचं. दिसलं तर आधी चुंबक फिरवायचं. चिकटलं तर लोखंड, म्हणजे बेअरिंग किंवा चेन. नाही चिकटलं आणि तरी चमकतंय तर ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा भिंत. या कागदात बोटाला लागेल असं काही नव्हतं. आमच्याकडे आडव्या भोकातली बर (धातूची राहिलेली धारदार कड) बघायला बोरोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा आहे, तो बरोबर नेला होता. प्लग काढून एकेका सिलिंडरमध्ये सोडला. सगळ्या भिंतींवर एकसारखी फिकट राखाडी झाक होती, उभी रेघ कुठेच नाही.

टेस्टरने ओव्हर-रेव्हची नोंदही काढली. इंजिन मर्यादेच्या किती वर आणि किती वेळा गेलं ते कॉम्प्युटर सहा पातळ्यांत साठवतो. मॅन्युअल गाडीत चुकीचा खालचा गिअर पडला तर वरच्या पातळ्या भरतात. पीडीके तसा गिअर घेऊच देत नाही, म्हणून इथे वरच्या पातळ्या रिकाम्याच असायला हव्यात आणि तशाच होत्या. किलोमीटर आणि इंजिनचे तासही जुळले. पीडीकेबद्दल एक काळजी मात्र सगळ्यांना असते. आतला एखादा सेन्सर गेला तरी पूर्वी पूर्ण बॉक्सच बदलायला सांगत, आता सुटे पार्ट आणि ते बसवणारे लोक मिळायला लागलेत. म्हणून थंड गाडीवर, मग तापलेल्या गाडीवर, रिव्हर्स ते ड्राइव्ह असं पुन्हा पुन्हा करून बघितलं. कुठे झटका नाही, कुठे उशीर नाही.

खोट सापडली ती पुढे. बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत हवा घेणारी तोंडं आहेत, त्यांच्या मागे आधी एसीचा कंडेन्सर आणि त्याच्या मागे रेडिएटर. बॅटरी मारून आत बघितलं तर कडुनिंबाची वाळलेली पानं, गुलमोहराच्या पाकळ्या, एक चुरगाळलेली गुटख्याची पुडी आणि या सगळ्यावर मातीचा थर. डाव्या कोपऱ्यात ओल धरून कंडेन्सरच्या पातळ पट्ट्या पांढऱ्या पडल्या होत्या, नख लावलं की भुगा होत होता. वॉटर पंपाच्या खालच्या कडेला कूलंट वाळून गुलाबी खार धरला होता. पंपाची गळती अशीच सुरू होते. टायरवर नक्षी भरपूर, पण साइडवॉलवरच्या चार आकडी कोडवरून आठवडा आणि साल काढलं तर रबर सहा वर्षांच्या पुढचं. पुण्यातल्या पुण्यात कुणाला कळलंही नसतं. समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर १२० ने तासन्‌तास चालवायचे तर असे टायर वापरणं म्हणजे जिवाशी खेळ.

यातली एकही गोष्ट मॉडेल इयरची नव्हती. ९८१ चे पंप, थर्मोस्टॅट आणि पुढचे रेडिएटर यांच्याकडे लक्ष द्यावं लागतं, हे कोणत्याही सालाला लागू आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स चोख असेल तर बाकीचं पैशाने दुरुस्त होतं, हा माझा हिशेब. कंडेन्सर, पंप, थर्मोस्टॅट, टायर यांचं कोटेशन काढून डीलरसमोर ठेवलं आणि तेवढी रक्कम कमी करून घेतली. टायरच्या बाबतीत एक सांगायला हवं. पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर एन-झिरो, एन-वन अशी खूण असते. स्वस्तातला दुसरा टायर त्या मापात बसतो, पण मधल्या इंजिनाच्या गाडीचं मागचं वजन बघता मी त्यात काटकसर केली नाही.

कागदपत्रांचं काम त्या मानाने सरळ गेलं. पासिंग महाराष्ट्राचं, त्यामुळे कर पुन्हा भरायचा नव्हता. फॉर्म २९, ३०, आणि आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलं दाखवायला बँकेचा ३५. आरसीवरचा बोजा उतरल्याचं ऑनलाइन दिसल्यावरच शेवटचा हप्ता दिला.

गाडी घरी आणल्यावर पहिला पावसाळा येण्याआधी पुढचा बंपर पूर्ण उतरवला, दोन्ही बाजूंचे रेडिएटर मागून पुढे अशा हलक्या पाण्याने धुतले आणि तोंडांवर बारीक स्टीलची जाळी बसवून घेतली. मराठवाड्यात ९८१ ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं. जाळी लागल्यापासून मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा कूलंटचा काटा जागचा हलत नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, त्याची तारीख मी गाडीच्या पुस्तिकेतच लिहून ठेवतो. पेट्रोलचा प्रश्न मात्र उरतो. या काळातल्या गाड्यांना दहा टक्क्यांपर्यंतचं इथेनॉल चालतं आणि आता पंपावर वीस टक्के आहे. मी टाकी अर्धी ठेवून गाडी आठवडे उभी करत नाही, कारण इथेनॉल पाणी ओढतं. पुण्याला गेलो की १०० ऑक्टेनचं भरून येतो. रबरी नळ्या आणि फ्युएल पंप दर सर्व्हिसला तपासायला सांगितलेत.

सध्या जालन्याचा एक स्टीलवाला मित्र बॉक्स्टर बघायलाय. त्याला आलेली गाडी २०१२ च्या पासिंगची आहे आणि डीलर तिला ‘नवा शेप’ म्हणतोय. त्या साली जुनी ९८७ आणि नवी ९८१, दोन्ही बॉक्स्टर दारात लागलेल्या, आणि लांबून काढलेल्या फोटोत ओळखू येत नाहीत. अकराव्या जागी यू निघाला तर ती फिनलंडची, म्हणजे ९८७ च. मित्राला म्हटलं, आधी काचेखालच्या पट्टीचा जवळून फोटो मागव, दर नंतर विचार.